सगळ्यांचा मिळून एक दगड

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांत चर्च बघायला जाणारे लोक सहसा सरळ आत शिरतात. रंगीत काचा, लाकडी छत, कुठल्यातरी सरदाराची संगमरवरी समाधी, बघण्यासारखं सगळं आतच असतं, त्यामुळे बाहेर गवतात उभा असलेला एक मोडका दगडी खांब कुणाच्या नजरेत भरतच नाही. खाली तीनचार पायऱ्यांचा चौथरा, त्यावर एक जाडजूड दगड, त्यात रोवलेला माणसाच्या उंचीचा नाहीतर त्याहूनही बुटका खांब, आणि वर काहीच नाही, नुसता तुटलेला शेंडा. चालायला आलेली मंडळी त्या पायऱ्यांवर टेकतात, बूट सैल करतात, सँडविच खातात आणि पुढे जातात. मी मात्र आताशा आधी तो खांब शोधते, मग वेळ उरला तर चर्च. आज त्याच्याबद्दलच लिहायचंय, जरा लांबण लागेल.

हा खांब म्हणजे मध्ययुगातला क्रूस. वरचा मूर्तींचा भाग साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी फोडला गेला आणि राहिलं ते हे. चर्चच्या आवारातले, बाजारातले, रस्त्यावरचे असे सगळे मिळून इंग्लंडमध्ये एकेकाळी १२,००० च्या वर क्रूस उभे होते असा पुरातत्त्ववाल्यांचा अंदाज आहे, आणि आज त्यातले २,००० सुद्धा उरलेले नाहीत, तेही मोडके-धडके सगळे धरून. म्हणजे सहातला एक उरला. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो परत परत वाचला होता, कारण एवढी मोडतोड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरून आलेलं सैन्य येतं, आणि इथे तर बाहेरचं कुणी आलंच नव्हतं.

बांधणी तशी साधी. पायऱ्या चौकोनी किंवा अष्टकोनी. त्यांच्यावर खोबणीचा दगड, तो खाली चौकोनी असतो आणि वर जाता जाता कोपरे तासून अष्टकोनी केलेला असतो, आणि ते तासकाम इतकं नेटकं असतं की तेवढ्यासाठीसुद्धा वाकून बघावं. खोबणीत खांब उभा करून वितळलेलं शिसं ओतायचं. खांब बहुतेक वेळा एकाच दगडाचा, वर निमुळता होत जाणारा. आणि सगळ्यात वर डोकं, त्याच्या एका बाजूला क्रुसावरचा येशू, दुसऱ्या बाजूला बाळाला घेतलेली मरियामाता, काही ठिकाणी अरुंद बाजूंना संत, आणि या सगळ्यावर छोटंसं दगडी छप्पर, कंदिलासारखं. उभा करायची जागा बहुतेक चर्चच्या दक्षिणेला, कारण लोकांचा येण्याजाण्याचा दरवाजा त्या बाजूला, ऊन त्या बाजूला, आणि पुरून घ्यायलाही लोकांना तीच बाजू हवी असायची, उत्तरेची सावलीतली बाजू कुणाला नको.

गोव्यात किंवा वसईत वाढलेल्या कुणाला हे मोडके खांब बघून नवल वाटेल. तिथे चर्चसमोरचा पायऱ्यांवरचा क्रूस सगळाच्या सगळा शाबूत आहे, पांढरा चुना दिलेला, झेंडूचा हार घातलेला, पायाशी मेणबत्त्यांचं मेण साचलेलं, आणि वाड्यावरच्या क्रुसासमोर संध्याकाळी लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होते. ती पोर्तुगीज कॅथलिक परंपरा. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात जे मोडलं ते पोर्तुगालमध्ये कुणी मोडलं नाही आणि म्हणून गोव्यातही राहिलं. इंग्लंडमधला क्रूस रोजच्या वापरात असताना कसा दिसत असेल हे डोळ्यांसमोर आणायचं तर मला गोव्यातलाच आठवावा लागतो, इथे तसा एकही बघायला मिळत नाही.

वापर कसला, तर पुष्कळ. चर्चबाहेर प्रवचन व्हायचं ते तिथे, गावाला काही जाहीर सांगायचं ते तिथे, सौदा ठरवताना हात मिळवायचे ते तिथे. चर्चच्या आवारात चक्क बाजार भरायचे, इतके की १२८५ साली राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्यात चर्चच्या आवारात जत्रा आणि बाजार भरवायचे नाहीत असं कलमच घालावं लागलं. पण क्रुसाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. इंग्लंडच्या थंडीत खजुराच्या झावळ्या कुठून येणार, म्हणून लोक यू आणि विलोच्या फांद्या हातात घ्यायचे. गावची मिरवणूक चर्चमधून निघायची, दुसरीकडून पाद्री ख्रिस्तप्रसाद, म्हणजे येशूचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर, घेऊन यायचे आणि दोन्ही मिरवणुका या क्रुसापाशी भेटायच्या, शुभवर्तमान वाचलं जायचं, होसान्नाचं गाणं व्हायचं, लोक गुडघे टेकायचे. येशू जेरुसलेममध्ये शिरतो तो प्रसंग म्हणजे, आणि तेवढ्या वेळापुरतं आपल्या चर्चचं अंगण हेच जेरुसलेम. हेरफर्डशायरमध्ये बऱ्याच क्रुसांच्या खोबणीच्या दगडात पुढच्या बाजूला एक छोटा कोनाडा दिसतो, त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद ठेवण्यासाठी तो केलेला असावा असं मानतात. हल्ली त्या कोनाड्यात पानं साठलेली असतात नाहीतर गोगलगाई.

आई इथे राहायला आली होती तेव्हा तिला एका खेड्यात घेऊन गेले होते. तिने पायरीच्या खाली चपला काढल्या, दगडाला हात लावून नमस्कार केला आणि मला विचारलं, "हे कुणाचं गं?" तिचा अर्थ, कुणाची समाधी. मी पटकन म्हणून गेले, कुणाचीच नाही. मग घरी आल्यावर विचार करत बसले आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की तिचा प्रश्न बरोबर ठिकाणी लागला होता.

कारण मध्ययुगातल्या साध्या माणसाला थडग्यावर दगड नव्हता. श्रीमंतांना चर्चच्या आत जागा, फरशीत पितळी पत्रा किंवा भिंतीला लागून आडवी कोरलेली मूर्ती, पायाशी कुत्रा नाहीतर सिंह. नांगर हाकणारा, लोकर पिंजणारी, बाळंतपणात गेलेली, ही माणसं कापडात गुंडाळून बाहेरच्या जमिनीत जायची, वर फार तर लाकडाची खूण, ती काही वर्षांत कुजायची, आणि मग त्याच जागी पुढची पिढी. शतकानुशतकं एकाच तेवढ्याशा जमिनीत गाव पुरलं जात राहिलं की जमीनच वर येते. कित्येक ठिकाणी चर्च खड्ड्यात बसल्यासारखं दिसतं ते यामुळेच, आणि क्रुसाच्या सगळ्यात खालच्या पायऱ्या मातीत गेलेल्या असतात त्याही काही ठिकाणी याचमुळे. आपण आज ज्याला इंग्लिश चर्चयार्ड म्हणतो, नावं कोरलेल्या कललेल्या दगडांच्या ओळी, ते चित्र मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढचं. त्याच्या आधी त्या सगळ्या गवतात दगड एकच होता, मधला क्रूस, आणि तो खाली असलेल्या सगळ्यांचा होता. लोक मृत्युपत्रात लिहून ठेवायचे की मला क्रुसाजवळ पुरा, कुणी क्रूस उभारायला पैसे ठेवायचे. स्वतःच्या नावाचा दगड परवडत नाही, पण गावाच्या दगडाच्या जवळ असावं, एवढंच मागणं.

हे एकदा समजल्यावर मोडतोडीची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट होत होतं, आणि राजा सहावा एडवर्ड याच्या काळात, १५४८ साली, झावळ्यांची प्रथा बंद केली, म्हणजे क्रुसाचा मोठा दिवस गेला. तरी बाहेरचे बरेच क्रूस तसेच उभे होते. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं असताना, ऑगस्ट १६४३ मध्ये, पार्लमेंटने हुकूम काढला की चर्चमधले, चर्चच्या आवारातले आणि उघड्या जागेवरचे क्रूस, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतल्या कुणाचीही, मरियेची, संतांची चित्रं आणि मूर्ती काढून टाका, विद्रूप करा. आणि याच हुकुमात शेवटी एक सूट आहे. राजा, राजपुत्र, उमराव किंवा इतर मेलेल्या माणसाचं स्मारक असेल आणि त्या माणसाला लोक संत मानत नसतील तर त्याला हात लावायचा नाही. म्हणजे आत संगमरवरात झोपलेला सरदार वाचला, त्याचा कुत्रासुद्धा वाचला, आणि बाहेरच्या शेकडो बिननावाच्या माणसांचा जो एकुलता एक दगड होता तो फोडायच्या यादीत गेला. हुकूम लिहिणाऱ्यांच्या मनात असा हिशेब नसणार हे मला समजतं, त्यांना मूर्तिपूजा संपवायची होती आणि त्यांची श्रद्धा खरी होती, पण आत जाऊन ती समाधी बघितली आणि बाहेर येऊन हा खुंट बघितला की मला दर वेळी आत कुठेतरी टोचतं.

फोडलं ते मुख्यतः डोकंच. मूर्ती तिथे होत्या ना. खाली नुसत्या पायऱ्या आणि खांब, त्यात पूजण्यासारखं काही नाही, म्हणून ते सोडून दिलं. काही ठिकाणी खांब अर्धा कापून त्यावर सूर्यघड्याळाची तबकडी बसवली, आणि तो क्रूस पुढची दोनअडीचशे वर्षं गावाला वेळ सांगत उभा राहिला. सूर्यघड्याळ दिसलं की आधी खालच्या पायऱ्या बघाव्यात, पुष्कळदा त्या घड्याळापेक्षा कितीतरी जुन्या निघतात.

आणि काही डोकी लपवली गेली. ग्लॉस्टरशायरमधलं ॲम्प्नी क्रूसिस हे गाव, नावातच क्रूस असलेलं. तिथला क्रूस पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्याचं डोकं एकोणिसाव्या शतकात चर्चच्याच भिंतीत चिणलेलं सापडलं, काढून पुन्हा खांबावर बसवलं. त्यावर एका बाजूला क्रुसावरचा येशू, एका बाजूला मरिया, आणि एका बाजूला चिलखत घातलेला योद्धा. भिंतीत राहिल्यामुळे ते पावसापासूनही वाचलं आणि हातोड्यापासूनही. कुणीतरी रात्री-बेरात्री ते वजनदार डोकं उतरवलं असेल, आत नेलं असेल, विटा-चुना आणला असेल आणि कुणाला न सांगता मेलं असेल, असं मला वाटत राहतं. कॉर्नवॉलमध्ये मायलर इथला क्रूस असाच, पण उलट्या नशिबाचा. पाच मीटरच्या वर लांबीचा ग्रॅनाइटचा दगड, तो कुणीतरी चर्चच्या भिंतीला टेकू म्हणून लावून टाकला होता आणि १८७० च्या सुमारास दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा कळलं की अरे हा तर क्रूस आहे. आज तो चर्चच्या दक्षिणेच्या दाराजवळ उभा आहे, बराचसा जमिनीत पुरलेला, तरी आपल्यापेक्षा उंच.

आतापर्यंत लिहिलं ते मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या क्रुसांबद्दल. उत्तरेकडे मात्र याहून कितीतरी जुने उभे आहेत, आणि त्यांच्याबद्दल न लिहिता मला राहवणार नाही. स्कॉटलंडच्या सीमेजवळ, कंब्रियात, ब्यूकॅसल नावाची जागा आहे, गाव म्हणण्याइतकं गावही नाही. रोमन किल्ल्याच्या आत चर्च, आणि त्या चर्चच्या अंगणात साडेचार मीटरच्या आसपास उंचीचा खांब, सातव्या-आठव्या शतकातला, म्हणजे तेराशे वर्षं त्याच उघड्यावर, त्याच वाऱ्यात. डोकं गेलंय. पश्चिमेच्या बाजूला कोकरू घेतलेला बाप्तिस्मा देणारा योहान, त्याच्या खाली श्वापदांवर पाय ठेवून उभा येशू, आणि तळाशी हातावर पक्षी घेतलेला एक माणूस. पूर्वेच्या बाजूला खालून वरपर्यंत एकच वेल चढत गेलीय आणि तिच्या वळणावळणात पक्षी आणि जनावरं द्राक्षं खातायत. दक्षिणेला सूर्यघड्याळ, ब्रिटनमधलं टिकलेलं सगळ्यात जुनं मानतात ते. रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतला मजकूर बराचसा झिजला, पण उत्तरेच्या बाजूला एका बाईचं नाव अजून वाचता येतं, क्यूनीबुरुग. मी त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभी होते. राजांची नावं झिजून गेली असतील नसतील, एका बाईचं नाव राहिलं, याचा मला फार आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगायचा हे कळत नव्हतं कारण आवारात मेंढ्यांशिवाय कुणी नव्हतं.

दुसरा गॉसफर्थचा. तोही कंब्रियात, पण समुद्राच्या बाजूला, दहाव्या शतकातला, नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, लोक तिथे येऊन वसले त्या काळातला. लाल वालुकाश्माचा, ब्यूकॅसलएवढाच उंच पण इतका सडपातळ की वारा आला तर वाकेल असं वाटावं, आणि डोकं शाबूत! खाली गोल, वर चौकोनी, आणि गोल भागावर झाडाच्या सालीसारखी नक्षी, ती नॉर्स पुराणातल्या विश्ववृक्षाची असावी असं म्हणतात. वरच्या चारही बाजूंना गोष्टीच गोष्टी. एका बाजूला क्रुसावरचा येशू, भाला घेतलेला शिपाई, शेजारी एक बाई. आणि बाकी ठिकाणी काय, तर नॉर्स पुराणातला कपटी लोकी बांधून घातलेला, त्याच्यावर साप विष ठिबकवतोय आणि त्याची बायको सिगिन ते विष वाडग्यात झेलतेय. दुसरीकडे विदार देव राक्षसी लांडग्याचा जबडा हाताने आणि पायाने फाडतोय. जुने देव आणि नवा देव एकाच दगडावर, चर्चच्या अंगणात. नव्यानेच ख्रिस्ती झालेल्या किंवा होऊ घातलेल्या लोकांना त्यांच्याच घरातल्या गोष्टींवरून पुढची गोष्ट सांगायची अशी कल्पना असावी. जुनं जग संपतं, देवही मरतात, आणि त्यानंतर काही उगवतं, हे त्यांना आधीपासून माहीत होतंच. ही चित्रं नॉर्स पुराणातली आहेत हे ओळखलं गेलं ते १८८० च्या दशकात, पार्कर नावाच्या तिथल्याच एका हौशी अभ्यासकाने ते मांडलं, तोपर्यंत नऊशे वर्षं लोक त्याच्याखालून रविवारी जात-येत होते. कॅल्व्हर्ली नावाच्या पाद्र्याने तर त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती कोरून १८८७ मध्ये ॲस्पॅट्रियाच्या आवारात उभी केली. आज मूळ दगडावर जे झिजत चाललंय ते बघायला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला एकोणिसाव्या शतकातला साचाही आहे, पण जमत असेल तर माझं सांगणं आहे की आधी गॉसफर्थलाच जा.

डर्बीशायरमधलं ईम हे गाव लोकांना माहीत असतं ते प्लेगमुळे. तिथेही चर्चच्या आवारात आठव्या-नवव्या शतकातला क्रूस आहे, खांबाचा वरचा तुकडा गायब असल्यामुळे डोकं थेट उरलेल्या खांबावर बसवलंय, त्यामुळे तो जरा बसका दिसतो, पण डोक्यावरचे देवदूत फार सुंदर आहेत. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग आला असं सांगतात, आणि पुढच्या वर्षी विल्यम माँपेसन या पाद्र्याच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं, रोग बाहेर जाऊ नये म्हणून. अडीचशेच्या वर माणसं गेली. त्या वेळी ठरलं होतं की चर्चच्या आवारात कुणाला पुरायचं नाही, ज्याने त्याने आपलं माणूस आपल्या शेतात, परसात पुरायचं. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने शेतात पुरली. ते दगड अजून गावाबाहेर टेकाडावर आहेत. माँपेसनची बायको कॅथरीन त्याच महिन्यात गेली, तिचं थडगं मात्र चर्चच्या आवारात क्रुसाजवळ आहे. ज्या मातीत वाडवडील गेले तिथे आपल्या मुलांना जागा नाही हे एलिझाबेथने कसं सोसलं असेल, त्या क्रुसासमोर उभं राहिल्यावर मला देवदूतांपेक्षा हाच विचार जास्त येतो.

आता नव्या डोक्यांबद्दल. व्हिक्टोरियन काळात बऱ्याच खुंटांवर नवीन डोकी बसवली गेली, आणि मला ती आवडत नाहीत हे स्पष्टच लिहिते. अगदी धारदार कोपरे, गुळगुळीत चेहरे, आणि खाली झिजलेला, शेवाळ्याने रंगलेला जुना खांब, दोन्ही एकमेकांशी बोलतच नाहीत. मोडलेलं मोडलेलं दिसावं. काय झालं होतं ते दगडाला सांगू द्यावं. पण पहिल्या महायुद्धानंतर गावागावांत युद्धस्मारक कुठे उभारायचं असा प्रश्न आला तेव्हा काही गावांनी आपला जुना मोडका क्रूसच दुरुस्त करून घेतला आणि त्याच्या पायावर नावं कोरली, त्या दुरुस्तीला मात्र माझी काही हरकत नाही. तिथे शेतमजुरांची, गवळ्यांची, लोहाराच्या पोरांची नावं आहेत. एकाच आडनावाचे दोघं, तिघं. त्यांची शरीरं फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये राहिली, कितीतरी जणांची सापडलीच नाहीत. आणि सहाशे वर्षं बिननावाच्या माणसांसाठी उभ्या असलेल्या दगडावर पहिल्यांदा साध्या माणसांची नावं आली.

कुणी जाणार असेल तर एकदोन गोष्टी सांगते. थंडीच्या दिवसांत सकाळी किंवा दुपारी तीनच्या सुमारास जा, ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं, भर दुपारी तेच सपाट वाटतं. केशरी आणि करडे डाग म्हणजे दगडफूल, ते घासू नका, खडू लावू नका, पाणी मारू नका, पूर्वीच्या अभ्यासकांनी केलं असेल, आता यातले पुष्कळ क्रूस कायद्याने संरक्षित आहेत आणि शिवाय ते दगडफूल वाढायला शंभर-शंभर वर्षं लागलेली असतात. पायऱ्यांवर बसायला काहीच हरकत नाही. खोबणीत शिशाची करडी रेघ दिसते का बघा, कोनाडा आहे का बघा, खालची पायरी मातीत किती गेलीय ते बघा, आणि आत जाणार असाल तर त्या सरदाराची समाधीही बघून या. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी ॲम्प्नी क्रूसिस सांगेन, सायरेन्सेस्टरच्या पूर्वेला अगदी जवळ आहे, आणि भिंतीतून निघालेलं ते डोकं जमिनीवरून मान वर करून नीट बघता येतं.